राजाची अडीच घरं

सातव्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी मंगल कार्यालयाच्या मागच्या दारात चहा पीत उभा होतो. गर्दी पांगल्यावर जाऊन पाहिलं. तीन नंबरचा पट, पांढऱ्या सोंगट्या माझ्या, काळ्या चाचांच्या. ती जोडी बघून काहीतरी वाटायला हवं होतं, भीती म्हणा, मजा म्हणा, निदान अवघडल्यासारखं तरी. मला एवढंच वाटलं की चहात साखर फार घातलीये. कप ठेवला आणि पटावर जाऊन बसलो.

ही आमच्या नंदुरबार जिल्ह्याची निवड स्पर्धा. रविवारी सकाळी सुरू होते, संध्याकाळी संपते आणि पहिले चार जण राज्य स्पर्धेला जातात. गेली बारा वर्षं मी ती खेळतोय. एकदा सहावा आलो, बाकी बहुतेक वेळा पाचवा. पाचवा येण्यात मी इतका तरबेज झालो होतो की धडगावला ऑफिसात सोमवारी कुणी 'काय झालं' असं विचारायचंही सोडून दिलं होतं. लांबूनच पंजा दाखवायचे. या वर्षी सहा फेऱ्यांत माझे साडेचार गुण झाले होते. शेवटचा डाव बरोबरीत सुटला तरी मी चौथा येत होतो. चाचांचेही साडेचारच होते, पण आधीच्या फेऱ्यांत माझ्या वाट्याला जास्त तगडे खेळाडू आले होते, म्हणून सारख्या गुणांत माझं नाव वर लागत होतं. थोडक्यात, मला अर्धा गुण पुरे होता आणि चाचांना जिंकावंच लागणार होतं.

बारा वर्षं ज्या अर्ध्या गुणासाठी मी बायकोची बोलणी खाल्ली, तो समोर येऊन बसला होता आणि मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वडील जाऊन अडीच महिने झाले होते. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

चाचा हे माझ्या वडिलांचे मित्र. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, पुढे ओट्यावर शिवणकाम. वडील, म्हणजे आमचे आबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ड्युटी सुटली की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि घरी न येता आधी चाचांच्या ओट्यावर जायचे. तिथं दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडायचा. पट चाचांनी स्वतः शिवलेला होता. गादीच्या कापडाचे लाल आणि पांढरे तुकडे जोडून, आत कापूस भरून, वर टाके घातलेले. म्हणजे ती एक छोटी गादीच होती. तिच्यावर सोंगटी ठेवली की नुसती ठेवून भागत नसे, बोटानं थोडी दाबावी लागे, नाहीतर उंट कलायचे आणि वजीर आडवा व्हायचा. एक प्यादं कधीतरी हरवलं होतं, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ उभं असायचं. त्या रिळानं कितीतरी हत्ती मारलेले मी पाहिलेत.

ते दोघं देशी पद्धतीनं खेळायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देशी बुद्धिबळात प्यादं एका वेळी एकच घर सरकतं, पहिल्या चालीलाही. आणि राजाला सबंध डावात एकदा, शह बसायच्या आत, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. घड्याळ लावून खेळतात त्या स्पर्धेच्या बुद्धिबळात हे दोन्ही नाही. तिथं प्यादं पहिल्या वेळी दोन घरं जाऊ शकतं, आणि राजाला सुरक्षित कोपऱ्यात न्यायचं तर कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, असते. वडिलांचा सगळा जीव त्या उडीत. ती ते शेवटपर्यंत जपून ठेवायचे. चाचांनी कोंडी केली की राजा दोन बोटांनी उचलायचे, हवेतच थांबवायचे, चाचांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग अडीच घरं पलीकडे नेऊन हलकेच दाबून बसवायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पगाराच्या दिवशीही यायचं नाही.

मीही तिथंच शिकलो. मग कॉलेजला धुळ्याला गेलो. हॉस्टेलवर एक जण 'खरं' बुद्धिबळ खेळायचा. 'खरं' हा त्याचा शब्द, पण मला तो लगेच पटला. एकोणीस वर्षांचा होतो, पटणारच. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि वडिलांसमोर डाव मांडला. आता आपण नव्या नियमांनी खेळतोय, हे सांगायचंही मला सुचलं नाही. मी पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं तेव्हा ते हसले, म्हणाले, "बरं, तुन्हं तसं." आणि स्वतः एकेक घर सरकत राहिले. मी चढत गेलो. त्यांचा राजा मधोमध अडकला. मग त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उडी मारली.

मी म्हणालो, "असं चालत नाही."

"काब्र?"

"तसा नियम नाही."

"कोना नियम?"

"जगाचा," मी म्हणालो. अहिराणीत नाही, शाळेतल्या मराठीत. आणि त्यांचा राजा उचलून परत त्याच्या मूळ घरात ठेवला.

चाचा शेजारी बसून उशी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. वडील "मंग जिकना तू," असं म्हणून हात धुवायला उठले. हात स्वच्छच होते.

त्यानंतर ते माझ्याशी खेळले नाहीत. राग धरणारा माणूस नव्हता तो. माझ्यासाठी स्टँडवरून गरम जिलबी आणणं, माझी सायकल माझ्या आधी पुसून ठेवणं, सगळं तसंच चालू राहिलं. पुढच्या सुट्टीत मी एकदा पट काढला तर म्हणाले, "तू चाचासंगे खेय." मी पट गुंडाळला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पंचवीस वर्षं गेली. मी माफीही मागितली नाही, कारण चूक माझी नव्हती. नियम माझ्या बाजूनं होता.

नियम माझ्या बाजूनं असणं ही माझी नोकरीच झाली म्हणा ना. धडगावच्या ऑफिसात मी अर्ज तपासतो. कागद अपुरा असला की त्यावर 'त्रुटी' असा शिक्का मारून परत देतो. पाड्यावरची माणसं सकाळी निघून, जीपला लटकून येतात, शिक्का बघतात आणि आल्या वाटेनं परत जातात. ऑफिसातले मला पाठीमागे त्रुटीसाहेब म्हणतात आणि हल्ली तोंडावरही म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नसे. कागद अपुरा म्हणजे अपुरा.

वडील गेले ते दुपारी जेवून लवंडले असताना. मी आलो, सगळं केलं. कुणाला फोन करायचे, कुणाला गाडी पाठवायची, रनाळ्याहून येणाऱ्या भाऊबंदांना कुठं बसवायचं, एक गोष्ट राहिली नाही. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज मीच भरला. खिडकीतला माणूस कागद उलटेपालटे करून म्हणाला, "साहेब, असा अर्ज कुणी भरत नाही, एक खोट नाही यात." ते ऐकून मला बरं वाटलं. त्या सगळ्या दिवसांत मला जे काही वाटलं ते एवढंच.

आई माझ्याकडे बघत राहायची. "रडी ले रे भाऊ," म्हणायची, "मोकया व्हशी." मी मान डोलवायचो आणि तिच्या गोळ्यांची वेळ झाली का ते बघायचो. पाय बधिर झाला की मुंग्या येण्याआधी तो आपला वाटतच नाही, तसा मी सगळाच झालो होतो. मुंग्या काही येत नव्हत्या. रडू येत नाही याचं वाईट वाटावं, तर तेही वाटत नव्हतं.

महिनाभरानं चाचांच्या दुकानावरून जात होतो तर त्यांनी हाक मारली. कापडी पट गुंडाळून खुंटीला टांगलेला होता.

"तुन्ही ती घड्याळनी स्पर्धा ऱ्हास ना," ते म्हणाले, "तिन्हामा मन्हं नाव टाकी दे. आते मी कोनसंगे खेयू?"

चार रविवार मी त्यांना नवे नियम शिकवले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण एकदा सांगितलेलं विसरले नाहीत. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं म्हटल्यावर म्हणाले, "प्याद्याले काय घाई शे?" कॅसलिंगला हसले. राजानं हत्तीच्या बगलेत लपायचं हे त्यांना बायकी वाटलं. मग विचारलं, "राजानी उडी नही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी सगळ्यांची भंबेरी उडवली. मोबाइलवर सुरुवातीच्या पंधरा-पंधरा चाली पाठ करून आलेली मंडळी, आणि समोर हे गृहस्थ एकेक घर प्यादी सरकवताहेत. दुसऱ्या चालीलाच पाठ केलेलं सगळं कुचकामी. मग ती मंडळी घाई करायची आणि चाचा त्यांना सावकाश खायचे.

माझ्याशीही तेच झालं. पंधरा मिनिटांचं घड्याळ, प्रत्येक चालीला वर दहा सेकंद. मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, बारा वर्षं टाकतोय तसं. त्यांनी त्यांचं एक घर सरकवलं. मी वजिरासमोरचं दोन घरं टाकलं. त्यांनी एक. पाच चालींत त्यांनी आपल्या बाजूला प्याद्यांची एक बुटकी भिंत उभी केली, उंट मागे दबा धरून. ही मांडणी मी लहानपणापासून ओट्यावर पाहत होतो. वडिलांचीही हीच. तिच्यावर काय खेळायचं ते मला ठाऊक होतं, निदान एरवी ठाऊक असतं. त्या दिवशी मी चाली करत होतो, पण त्या मी करतोय असं वाटत नव्हतं. घोडा बाहेर, उंट बाहेर. मग माझ्या हातानं राजाकडच्या घोड्यासमोरचं प्यादं सरकवलं, एकच घर. ते का सरकवलं, याचा मी आजही खुलासा देऊ शकत नाही.

वर पंखे फिरत होते. रेक्झिनच्या पटावर प्लॅस्टिकच्या सोंगट्या टकटक वाजत होत्या. इथं उंट सरळ उभे राहतात, दाबावं लागत नाही.

कॅसलिंग करायला हवं होतं, ते करायचं राहून गेलं. नवशिक्यालाही कळतं की राजा फार वेळ मध्ये ठेवू नये. चाचांनी एक उंट पटाच्या कडेला आणला आणि तिथून तिरपं बघत माझ्या कॅसलिंगच्या वाटेतलं घर रोखलं. मग मधली प्यादी कापली, रांग मोकळी केली. पुढच्या चालीला त्यांचा हत्ती तिथं येणार आणि माझा राजा कोंडीत सापडून मरणार, हे मला दिसत होतं. दहा चालींत संपलं असतं. मी पुन्हा पाचवा. दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

मी राजा उचलला. दोन बोटांनी. क्षणभर हवेत धरला, चाचांच्या तोंडाकडे बघितलं आणि अडीच घरं पलीकडे, त्या एक घर सरकलेल्या प्याद्याच्या मागे, नेऊन ठेवला. बोटानं हलकेच दाबला. घड्याळ दाबलं.

चाचा बराच वेळ पटाकडे बघत राहिले. त्यांचं घड्याळ चालू होतं. मग त्यांनी घोडा हलवला आणि घड्याळ दाबलं.

मी पुढची चाल शोधायला लागलो. आपला राजा किती छान जागी बसलाय, असं मनात आलं. आपण कॅसलिंग कधी केलं ते मात्र आठवेना. हत्तीकडे बघितलं तर हत्ती कोपऱ्यात जिथल्या तिथं. तेव्हा कुठं मला कळलं मी काय केलंय.

घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले. शहाद्याकडचे एक शिक्षक, दिवसभर उभं राहून दमलेले. मी सांगितलं, "माझ्याकडून चुकीची चाल झाली आहे. राजा घोड्यासारखा उडवला."

पंचांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग पट बघितला. "आणि यांनी उत्तराची चाल केली? घड्याळ दाबलं?"

"हो."

"मग चूक उठत नाही. रॅपिडचा, म्हणजे कमी वेळाच्या डावाचा, नियम आहे, समोरच्यानं चाल केली की आधीची चूक कायम. दोघांची संमती असेल तरच डाव मागे नेता येतो."

हा नियम मला पाठ होता. "माझी संमती आहे," मी म्हणालो. डाव मागे गेला की राजाला हात लावल्यामुळे राजाचीच चाल करावी लागणार, आणि ती केली की मी मेलो, हेही मला दिसत होतं. पण कागद अपुरा म्हणजे अपुरा.

पंच चाचांकडे वळले. चाचा म्हणाले, "नही."

"नाही म्हणजे?"

"राजा जठे शे तठे ऱ्हाऊ द्या."

"अहो चाचा, तुमच्याच फायद्याचं आहे. मागे नेलं तर डाव तुमचा आहे. तुम्ही राज्याला जाल."

"माले दिखस ना भाऊ." त्यांनी पटावरून नजर उचलली नाही. "ऱ्हाऊ द्या. एकदाच तं उडना."

पंचांनी मोबाइलवर नियम उघडून पुन्हा वाचला, मान हलवली, कागदावर काहीतरी टिपलं. शेजारच्या पटावरचे दोघं आपलं सोडून आमच्याकडे बघायला लागले होते, त्यांना दटावलं. मी म्हणालो, "मी डाव सोडतो." ते कुणीच मनावर घेतलं नाही. चाचा हळूच म्हणाले, "सोडू नको. खेय."

मी खेळलो. त्यांनी जीव तोडून जिंकायचा प्रयत्न केला, त्यात कुठं ढिलाई नव्हती. तीस-पस्तीस चाली झाल्या, एकेक करून सगळं मारलं गेलं, शेवटी दोन राजे आणि एकमेकांना अडवून उभी असलेली चार प्यादी राहिली. हात मिळवले. बरोबरी. मी चौथा आलो आणि चाचा पाचवे.

लोकांनी पाठ थोपटली. ऑफिसच्या ग्रुपवर मी चार बोटांचं चित्र टाकलं, त्यावर भराभर अंगठे आले. मी फोन खिशात टाकला आणि खुर्च्या आवरायला मदत केली. जाताना चाचा पायऱ्यांवर चपला शोधत होते. म्हणाले, "सकायले दुकानवर ये. जीपना आगोदर."

घरी आईनं विचारलं, "काय व्हयनं?"

"झाली निवड," मी म्हणालो.

"मंग आसं तोंड काब्र?"

मी जेवायला बसलो.

सकाळी सातला दुकानावर गेलो तेव्हा चाचांनी ओटा झाडून पट अंथरलेला होता. कापडी पट, लाल-पांढरा. मला वाटलं चार चाली खेळायच्या असतील. पण ते सोंगट्या मांडत होते त्या सुरुवातीच्या जागांवर नाही. भराभर, न थांबता, पाठ असल्यासारख्या. हत्ती इथं, घोडा इथं, रीळ तिथं. काळा राजा त्याच्या मूळ घरात. शेवटची सोंगटी दाबून बसवली आणि माझ्याकडे बघितलं.

"वळखं का?"

मी ओळखलं. पंचवीस वर्षांत तो डाव मी एकदाही आठवला नव्हता, तरी बघताक्षणी ओळखलं. माझा घोडा जिथं होता तिथं होता. वडिलांचा राजा मी परत नेऊन ठेवला होता त्या घरात होता.

"तुन्हा बाप हाऊ डाव मांडे," चाचा म्हणाले.

"कधी?"

"पह्यले रोज. मंग म्हैनामा एकदा. तू स्पर्धाले जाय तवय नक्की. तू तठे खेये, आम्ही अठे हाऊ खेयूत."

त्यांनी काळा राजा उचलला आणि उडी मारली, वडिलांची, अडीच घरं. दाबून बसवला. "आते तू चाल."

मी चाल केली. ते वडिलांच्या बाजूनं खेळले. मी पुन्हा केली. पाचव्या चालीला काळ्या राजावर मात झाली.

"दर खेप आसंच," चाचा म्हणाले. "आम्ही बठ्ठं करी देखं. उडी मारी तरी बी तूच जिकस."

"त्यांना हे माहीत होतं?"

"त्याच रोजले. हात धोईसन परत वना, तू निंघी गयथा. पटकडे देखं नि माले म्हने, मन्हा पोऱ्या जिकेल व्हता रे. उडी मारू दिधी अस्ती तरी बी जिकेल व्हता. तेले दिखनंच नही, तो नियमकडे देखत ऱ्हायना."

मी म्हणालो, "मग माझ्याशी खेळले का नाहीत? मी विचारलं होतं."

"एकदा इचारं," चाचा म्हणाले. "एकदा इचारीसन तू पट गुंडाई टाका. तो दुसरी खेपनी वाट देखे. मी म्हने, तूच सांगी दे ना तेले. तो म्हने, नही, त्याले इचारू दे, मंग हाऊ डाव दखाडसू."

मी विचारलं, काल तुम्ही डाव मागे का नाही नेऊ दिला. ते जरा चिडलेच. "एक राजा परत ठेवेल देखा मी. पंचवीस साल तेच देखी ऱ्हायनू. आजून एक कोन देखी?"

मग त्यांनी सोंगट्या पुन्हा होत्या तशा मांडल्या, वडिलांचा राजा मूळ घरात, आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं पिंजायचं मशीन सुरू झालं. त्याचा आवाज असा, की ओट्यावर शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही.

मी वडिलांचा राजा उचलला. त्याच दोन बोटांनी, ज्यांनी तेव्हा मागे ठेवला होता. अडीच घरं पलीकडे नेला आणि कापसात नीट बसेपर्यंत दाबला. आता माझी चाल होती. ती मला दिसत होती, त्यापुढच्या चारही दिसत होत्या. मी ती केली नाही.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मी म्हणालो. "तठेच ऱ्हाऊ द्या." आणि मग मला रडू आलं, अडीच महिन्यांचं आणि पंचवीस वर्षांचं, ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून. मशीन चालू होतं तोवर रडलो. चाचांनी ते बराच वेळ बंद केलं नाही. माझी धडगावची जीप निघून गेली.